वाचकांचे प्रश्न: वापिटी खोऱ्यात रँचवर राहावं की लॉजवर?

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत राहतो. जुलैमध्ये आई-बाबा (वय ६४ आणि ६९) पुण्याहून येतील. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान दाखवायचं आहे आणि मुक्काम वायोमिंग राज्यातल्या कोडी गावाजवळच्या वापिटी खोऱ्यात पाच रात्री करायचा विचार आहे. लॉज आणि गेस्ट रँच (पाहुण्यांना ठेवून घेणारी घोड्यांची वाडी) यांच्या फोटोंत फरक दिसत नाही, भाड्यात मात्र जमीन-अस्मानाचा आहे. काय घ्यावं?

उत्तर: फोटोंत दोन्हीकडे लाकडी केबिन आणि मागे डोंगर, त्यामुळे फसायला होतं. लॉजचं भाडं एका खोलीचं, एका रात्रीचं. रँचचा आकडा बहुधा माणशी असतो, अनेकदा आठवड्याचा, आणि त्यात तिन्ही वेळचं जेवण, रोजची घोडेस्वारी, कधी मासेमारी असं सगळं धरलेलं असतं. जुलै-ऑगस्टमध्ये कितीतरी रँच रविवार ते शनिवार असा पुरा आठवडाच देतात. पाच रात्री हव्या असतील तर आधी तेच विचारा.

आता अंतरं बघा. कोडी ते यलोस्टोनचं पूर्वद्वार सुमारे ५० मैल, रस्ता शोशोनी नदीच्या उत्तर फाट्याच्या काठाने. खोऱ्याच्या मध्यावर राहिलात तर द्वारापर्यंत २५ मैल. तिथून फिशिंग ब्रिज २७, पुढे वेस्ट थंब २१ आणि ओल्ड फेथफुल (गरम पाण्याचं प्रसिद्ध कारंजं) १७. म्हणजे एका बाजूचे ९० मैल. पार्कमध्ये वेगमर्यादा ताशी ४५ मैल, वाटेत साडेआठ हजार फुटांची सिल्व्हन खिंड, आणि गवे (अमेरिकन बायसन) रस्त्यावर आले की गाड्यांची रांग लागते. जाऊन-येऊन सहा तास सहज जातात. असा दिवस काढलात की रँचवरचं दुपारचं जेवण आणि दोन्ही वेळची स्वारी बुडाली, पैसे मात्र भरलेले.

म्हणून आमचं स्पष्ट मत: यलोस्टोन बघायचं असेल तर लॉज घ्या, तोही पूर्वद्वाराकडच्या टोकाला. 'वाइल्ड वेस्ट' खेळांसाठी गाजलेल्या बफेलो बिल कोडीने १९०४ मध्ये बांधलेलं पहास्का टेपी हे लॉज त्याच टोकाला, द्वारापासून जेमतेम दोन मैलांवर आहे. त्या बाजूला राहिलं की रोजचे ४०-५० मैल वाचतात, आणि ६९ वर्षांच्या माणसाच्या पाठीला ते लगेच जाणवतं. घोडे आणि खोरं हीच हौस असेल तर रँच घ्या आणि पार्कसाठी एकच दिवस ठेवा. दोन्ही हवं असेल तर आधी तीन रात्री लॉज, मग रँच. पाच रात्रींत दोन्ही कोंबू नका.

भाड्याची चौकशी करताना तीन गोष्टी लेखी मागा. कर आकड्यात धरलाय का? सेवाशुल्क आधीच लावलंय की टिप वेगळी द्यायची? (वेगळी असेल तर एकूण बिलाच्या १५ ते २० टक्के बाजूला ठेवा. चौघांच्या आठवड्याला ही रक्कम लहान नसते.) आणि रद्द केल्यास अनामत किती दिवस आधीपर्यंत परत मिळते? आई-बाबांच्या व्हिसाची तारीख पक्की होईपर्यंत अनामत भरू नका.

पार्कचं शुल्क गाडीला ३५ डॉलर, सात दिवसांसाठी. २०२६ पासून यलोस्टोनसह ११ उद्यानांत १६ वर्षं आणि त्यावरच्या परदेशी पाहुण्यांना वार्षिक पास नसेल तर माणशी १०० डॉलर जादा पडतात. तुमचं इथलं ओळखपत्र आणि त्यांचे पासपोर्ट गाडीत हाताशी असू द्या.

प्रश्न: आमच्यात कोणीच कधी घोड्यावर बसलेलं नाही. आई-बाबा आणि सात वर्षांची मुलगी बसू शकतील का?

उत्तर: मुलगी बहुधा बसेल, पण किमान वय प्रत्येक रँचचं वेगळं असतं, काही ठिकाणी सहा, काही ठिकाणी आठ. वजनाचीही मर्यादा असते, साधारण २२५ ते २५० पौंड. बुकिंगच्या वेळी दोन्ही विचारा.

आई-बाबांच्या बाबतीत वय अडत नाही, हाडं आणि औषधं अडतात. गुडघा किंवा खुबा बदललेला असेल, हाडं ठिसूळ असतील किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बसवू नका. त्या गोळीवर असताना पडून डोक्याला मार लागला तर आतला रक्तस्राव लवकर थांबत नाही. त्यांच्या प्रवास विम्यात घोडेस्वारी वगळलेली नाही ना, हेही पॉलिसीत वाचा. पुष्कळदा ती साहसी खेळांत मोडते.

बूट टाचेचे हवेत, निदान अर्धा इंच. सपाट तळाच्या स्पोर्ट्स शूजमधून पाय रिकिबीत आरपार सरकतो, आणि अडकलेल्या पायाने माणूस पडला तर घोडा त्याला फरफटत नेतो. पँट लांब आणि जाड घाला, नाहीतर पोटऱ्या सोलवटतात. बसल्यावर दोन्ही रिकिबींत उभं राहून बघा: बूड आणि खोगीर यांत चार बोटांचं अंतर राहिलं तर लांबी बरोबर. दहा-पंधरा मिनिटं चालल्यावर घोडे सांभाळणाऱ्याला तंग (खोगीर बांधायचा पोटाखालचा पट्टा) पुन्हा आवळायला सांगा. तंग बांधताना घोडा पोट फुगवतो, नंतर श्वास सोडला की तंग सैल होतो आणि खोगीर एका बाजूला कलंडतं. सांगायला संकोच करू नका, त्यांना रोजची सवय असते.

स्वारी सकाळची घ्या. जुलैत दुपारनंतर विजांसह पाऊस येण्याची शक्यता जास्त.

प्रश्न: आम्ही शाकाहारी आहोत. तिथे खायचं काय?

उत्तर: 'व्हेजिटेरियन' एवढ्यावर थांबू नका. तिथल्या स्वयंपाकघरात मांस दिसलं नाही की पदार्थ शाकाहारी ठरतो. भात चिकनच्या पाण्यात शिजवलेला असू शकतो, बीन्समध्ये बेकन किंवा डुकराची चरबी, वूस्टरशर सॉसमध्ये मासा. शेकोटीवर मुलं भाजतात त्या मार्शमेलोत जिलेटिन असतं. महिनाभर आधी ईमेलने एकेक वस्तू नावानिशी लिहा: मांसाचं किंवा हाडांचं पाणी नको, प्राण्याची चरबी नको, जिलेटिन नको, अंडं चालतं की नाही. स्वयंपाक्याला किराणा कोडीहून आणावा लागतो, आयत्या वेळी सांगितलं तर सॅलड आणि उकडलेला बटाटाच मिळणार.

लॉजवर स्वतः रांधायचं असेल तर छोटा ओटा असलेली केबिन मागा आणि कुकर न्या. सहा हजार फुटांवर पाणी साधारण ९४ अंशांना उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजायला नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ लागतो. कुकरमध्येही नेहमीपेक्षा एक-दोन शिट्ट्या जास्त द्या.

खरकटं, लोणच्याची बरणी, तेलाची बाटली, टूथपेस्टसुद्धा व्हरांड्यात ठेवू नका. हे ग्रिझली अस्वलांचं खोरं आहे. माणसाच्या अन्नाची चटक लागलेलं अस्वल पुन्हा पुन्हा येतं आणि शेवटी त्यालाच मारावं लागतं.

प्रश्न: अस्वलाचा स्प्रे (अस्वल अंगावर आलं तर मारायचा तिखट फवारा) इथूनच घेऊन जावा का?

उत्तर: नाही. तो विमानात हातातल्या सामानातही चालत नाही आणि खाली दिलेल्या बॅगेतही. कोडीत विकत घ्या, कंबरेला लावा. पाठपिशवीत पुरलेला स्प्रे वेळेवर निघत नाही. अस्वल-लांडग्यापासून १०० यार्ड आणि गवा, एल्क (मोठं हरीण) वगैरेंपासून २५ यार्ड लांब राहण्याचा पार्कचा नियम आहे. गवा शांत चरताना गाईसारखा दिसतो, म्हणून फोटोसाठी आजी-नातीला त्याच्याजवळ उभं करू नका.