मे महिन्यात आल्प्स? मग खोऱ्यातच राहा

प्रश्न : काकू, धाकटे दीर झुरिचला असतात. यंदा मेच्या सुट्टीत या म्हणून मागे लागलेत. मुलगी सहा वर्षांची, मुलगा अडीचचा, शिवाय सासूबाई सोबत. आल्प्समधल्या लाउटरब्रुनेनला चार दिवस राहायचं ठरतंय. ह्यांना युंगफ्राउयोख, ती बर्फाच्या शिखरांमधली उंच खिंड, बघायचीच आहे. मुलांना घेऊन जमेल का? आणि खायला काय काय नेऊ? (एक वाचक, निपाणी)

उत्तर : जा की! फक्त नवरोबांना आधीच सांगून ठेव, मे हा उन्हाळा आपला, आल्प्सचा नव्हे. आपल्या शाळा मे संपता संपता उघडतात आणि तिथला डोंगरावरचा उन्हाळा जूनमध्ये सुरू होतो. मेमध्ये वरच्या पाऊलवाटांवर बर्फ असतो, काही केबल कार देखभालीसाठी बंद असतात. कुठली कधी बंद, ते दिरांना आधीच बघायला सांग. लाउटरब्रुनेनचं खोरं मात्र तेव्हाच ऐन रंगात असतं, कारण वरचा बर्फ वितळून सगळे धबधबे भरून वाहतात.

माझी लेक बर्नला असते. नातवाच्या मागे धावत ते खोरं मी बरंच पायाखाली घातलंय, म्हणून सांगते. लाउटरब्रुनेनची उंची 800 मीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या बेळगावपेक्षा थोडीशीच जास्त. तेव्हा सासूबाईंना धाप लागेल ही भीती नको. दोन्ही अंगांना सरळसोट कडे आणि गावाच्या डोक्यावरच श्टाउबबाख धबधबा, 297 मीटरचा. गोकाकचा 52 मीटर, असे पाच एकावर एक रचले तरी वर जागा उरते. पण गोकाकसारखा गडगडाट इथं नाही. वाऱ्यानं पाणी अधांतरीच विस्कटतं आणि खाली उभं राहिलं तर नुसता तुषारांचा भपका अंगावर येतो. त्यात मुलं भिजतातच, एक कपड्यांचा जोड पाठीवरच्या पिशवीत असू दे.

तिथून श्टेखेलबेर्ग गावापर्यंत नदीकाठानं सहा-सात किलोमीटरची वाट आहे, जवळजवळ सपाट. सगळी चालायची सक्ती नाही. शेजारच्या रस्त्यानं पोस्टाची पिवळी बस धावते, लेकरानं भोकाड पसरलं की चढायचं. नदीचं पाणी बघ, तांदळाच्या धुवणासारखं पांढुरकं. हिमनद्या खडक घासतात, त्याची भुकटी पाण्यात येते. आमचा नातू त्यात खडे टाकायला बसला की उठायचं नाव घेत नसे. प्रवाह जबर असतो, हात सोडू नकोस. वाटेत वाढलेलं गवत दिसलं तर मुलांना त्यात पळू देऊ नकोस, तो गुरांचा हिवाळ्याचा चारा असतो.

त्याच वाटेवर ट्र्युमेलबाख धबधबा लागतो. आयगर, म्योन्श आणि युंगफ्राउ या तीन शिखरांवरच्या हिमनद्यांचं पाणी डोंगराच्या पोटातून कोसळतं, दहा टप्प्यांत. बघावंच असं आहे, पण चार वर्षांखालच्या मुलांना आत सोडत नाहीत, कडेवर घेतलं तरी नाही. तू लेकीला घेऊन जा, नवरोबा धाकट्याला सांभाळतील. आत लिफ्ट असली तरी पुढे ओल्या पायऱ्या आहेतच. सासूबाईंनी बाहेर उन्हात बसलेलं बरं.

आता युंगफ्राउयोख. 3454 मीटर! 1912 पासून आगगाडी थेट वर नेऊन सोडते, म्हणून ते सोपं वाटतं. दोनेक तासांत एवढी उंची चढल्यावर मोठ्यांचंही डोकं धरतं. अडीच वर्षांचं पोर डोकं दुखतंय म्हणून सांगणार कसं? ते नुसतं रडणार. आकाश निरभ्र असेल त्या दिवशी नवरोबांना एकट्यांना पाठव, तिकीटही एकाचंच लागेल. तुम्ही म्युरेनला जा, 1638 मीटरवर, मोटारी नसलेलं गाव. केबल कारनं ग्र्युचआल्पला चढून पुढे छोटी गाडी मिळते. तिन्ही शिखरं तिथून समोरासमोर दिसतात.

वेळेचं एक लक्षात ठेव. उन्हाळ्यात आपण तिथल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. आपल्याकडे साडेसहाला उठणारी मुलं तिथं पहाटे तीनला टक्क जागी होतात आणि संध्याकाळी सहाला जेवणाच्या ताटावर पेंगतात. बाहेर तर नऊपर्यंत उजेड! पहिले दोन दिवस झगडू नकोस, सकाळच्या पहिल्या गाडीनं निघायचं आणि दुपारी खोलीवर. लांबचे बेत तिसऱ्या दिवसापासून.

खाण्याचं म्हणशील तर कुंदा नेऊ नकोस. दिरांनी कितीही आठवण काढू दे. भारतातून येणाऱ्यांना तिथं दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला मनाई आहे आणि कुंदा म्हणजे आटवलेलं दूधच. तूपही त्यातच आलं. चुरमुरे, मेतकूट, तिळाची चटणी, थालीपिठाची भाजणी न्या. दूध, दही, लोणी तिथं दुकानात उत्तम मिळतं, पण रविवारी बरीच दुकानं बंद असतात, शनिवारीच भरून ठेवा.

तिकिटांचं थोडक्यात : सहाच्या आतल्या मुलांना गाडीत तिकीट नाही. तुम्ही दोघांनी स्विस ट्रॅव्हल पास (गाडी, बस सगळ्याला चालणारा एकच पास) घेतलात तर त्यासोबतच फुकट फॅमिली कार्ड मागून घ्या, लेकीचंही भाडं वाचेल. म्युरेनपर्यंतचा प्रवास त्या पासातच येतो.

प्रश्न : बाळ नऊ महिन्यांचं आहे. आम्हीही जूनमध्ये तिकडेच जातोय. बाबागाडी न्यावी की अंगाला बांधायची पिशवी? (एक वाचक, खानापूर)

उत्तर : दोन्ही. खोऱ्याच्या तळाशी आणि ग्र्युचआल्प ते म्युरेनच्या वाटेवर मोठ्या चाकांची बाबागाडी चालते. श्टाउबबाखच्या मागच्या कपारीत जायचा चढ आहे, तिथं पिशवीच हवी. ऊन कोवळं वाटलं तरी टोपी काढू नकोस. आणि गोचीड! तुम्हा खानापूरकरांना जंगलातल्या गोचिडीचं नवं काय सांगायचं, तिथल्या गवतातही असतात. रात्री कपडे बदलताना गुडघ्यांमागं, काखेत, कानांमागं बघत जा. लागलेली दिसली तर बारीक चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढायची. वर तेल किंवा रॉकेल टाकायचं नाही, आजी काहीही म्हणोत.