पाप कुणाचं, ते आधी बघ

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि आधी रागच आला. अमेरिकेत उत्तर-दक्षिण यादवी चालू असताना अध्यक्ष लिंकनने १८६३ साली सगळ्या देशाला उपास धरायला सांगितला तो मनापासून की राजकारण म्हणून, हे ठरत नाही, म्हणून तू प्रबंधाचा विषयच बदलणार? तुझ्याबरोबरची मुलं म्हणतात सत्तेचं नाटक. घरचे म्हणतात, एवढा मोठा माणूस देवापुढे वाकला, त्यात शंका कसली घ्यायची. या दोघांच्या मध्ये तू अडकलीस. अगं, मेलेल्या माणसाच्या मनात काय होतं ते कुठल्याही दप्तरात सापडायचं नाही. कागदावर काय आहे ते सापडतं. राज्यकर्त्याने यादवीच्या काळात उपास पुकारला की एकच बघायचं: पाप कुणाचं म्हटलंय? समोरच्याचं की आपलं? आणि आपलं असेल तर नेमकं कुठलं?

३० मार्च १८६३चा जाहीरनामा समोर ठेव. आयोवाचे सिनेटर जेम्स हार्लन यांनी ठराव आणला, सिनेटने तो मंजूर केला, आणि त्यावरून लिंकनने ३० एप्रिल, गुरुवार, हा उपासाचा आणि प्रार्थनेचा दिवस ठरवला. मजकूर सावकाश वाच. आपल्याला सगळं भरभरून मिळालं, माणसं वाढली, पैसा वाढला, ताकद वाढली, आणि आपण देवाला विसरलो. यश मिळत गेलं तशी ती धुंदी चढली. हे युद्ध म्हणजे आपल्याच उद्दामपणाची शिक्षा तर नसेल, असं तो विचारतो. ‘आपण’ म्हणजे फक्त दक्षिणेतले बंडखोर नव्हेत, सबंध देश. युद्ध ऐन भरात असताना आपल्याच बाजूच्या लोकांना हे ऐकवायला छाती लागते. उपासाच्या त्याच दिवशी उत्तरेचा सेनापती हूकर याची फौज व्हर्जिनियात चॅन्सलर्सव्हिलला पोचत होती, आणि आठवडाभरात तिथे उत्तरेचा पराभव झाला.

पण तेवढ्यावर भाळू नकोस. पाप आपलं, हे कबूल, पण कुठलं? गुलामगिरीचं नावसुद्धा त्या जाहीरनाम्यात नाही. त्याच वर्षी १ जानेवारीला गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा काढलेला हा माणूस तीन महिन्यांनी देशाच्या पापांबद्दल बोलतो आणि ते एक पाप उच्चारत नाही. तुझ्या प्रबंधाचा गाभा हा आहे, आणि तू तो तळटीपेत टाकलास!

आता पलीकडे बघ. दक्षिणेतल्या फुटून निघालेल्या राज्यांचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिस, त्यानेही उपास पुकारले, लिंकनपेक्षा कितीतरी जास्त वेळा. त्यातला २७ मार्च १८६३चा घे. त्याच्या राजधानीत, रिचमंडमध्ये, पिठाचे भाव गगनाला भिडलेले. युद्धखात्यातला एक कारकून, जॉन जोन्स, रोज डायरी लिहायचा. त्या दिवशी त्याने लिहिलं, की दुष्काळात उपास! देवा, या लोकांना वाचव. सहाव्या दिवशी, २ एप्रिलला, त्याच शहरात बायका भाकरीसाठी रस्त्यावर उतरल्या. दुकानं फुटली. डेव्हिस स्वतः गाडीवर चढला, खिशातले होते नव्हते ते पैसे गर्दीत फेकले, मग घड्याळ काढलं आणि पाच मिनिटांत पांगला नाहीत तर गोळ्या घालू म्हणून बजावलं. हे वाचताना मला आजही बसवत नाही. ज्यांच्या घरात चूल पेटत नव्हती त्यांना उपास सांगितला होता गं.

त्याच उन्हाळ्यात दक्षिण गेटिसबर्गची लढाई हरली, व्हिक्सबर्ग हातचं गेलं आणि डेव्हिसने २१ ऑगस्टचा उपास जाहीर केला. त्यात तो आपल्या लोकांचं पाप सांगतो आणि नाव घेऊन सांगतो: पैशाचा लोभ, देशाच्या काळजात शिरलेला गँग्रीन. म्हणजे ‘आपलं पाप’ म्हणायची हिंमत त्यालाही होती. साठेबाजांना तो पापी म्हणाला. पण पस्तीस लाखांच्या आसपास माणसं त्या देशात गुलाम होती, त्यांच्याबद्दल अक्षर नाही. म्हणून सांगते, ‘आपलं’ एवढं पुरत नाही, ‘कुठलं’ हे विचारायलाच हवं. त्याचा शेवटचा उपास १० मार्च १८६५ला झाला आणि महिन्याच्या आत रिचमंड पडलं.

हा प्रश्न विचारणं स्वस्त नव्हतं. ४ जानेवारी १८६१, लिंकनच्या आधीचे अध्यक्ष बुकॅनन यांनी संघराज्य वाचावं म्हणून ठरवलेला उपास. न्यूयॉर्कमध्ये रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, मॉरिस राफल यांनी त्या दिवशी बायबलचा आधार देऊन सांगितलं की गुलाम बाळगणं पाप नाही. बाल्टिमोरचे रब्बी डेव्हिड आइनहॉर्न यांनी त्यांना जाहीर उत्तर दिलं, आणि एप्रिलमध्ये दंगलखोरांच्या भीतीने त्यांना शहर सोडावं लागलं. पापाची यादी करणाऱ्याला किंमत मोजावी लागते ती अशी.

मला विचारशील तर मीही मोजली आहे, आइनहॉर्नसारखी नसली तरी. माझ्या प्रबंधातलं प्रवचनांचं प्रकरण काढा, हे धार्मिक वाङ्मय आहे, इतिहास नव्हे, असं मला स्पष्ट सांगण्यात आलं. मी काढलं नाही. त्यापायी पदवी लांबली, हातातोंडाशी आलेली नोकरी दुसऱ्याला गेली, आणि वडिलांना मला डॉक्टर झालेलं बघायचं होतं ते राहूनच गेलं. ते मनाला लागतं, लागणारच. पण ते प्रकरण काढलं असतं तर उरलेला प्रबंध माझा राहिला नसता. लोक मला हेकट म्हणाले. म्हणोत. ज्या काळात साधा माणूस राज्यकर्त्याचा हुकूम प्रवचनातून ऐकत होता, त्या काळाचा इतिहास प्रवचनं वगळून लिहायचा कसा, याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

आणि हे फक्त अमेरिकेचं म्हणू नकोस. इंग्लंडमध्ये १६४२पासून दर महिन्याच्या शेवटच्या बुधवारी उपास असायचा. पहिला चार्ल्स राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी पेटत होती. राजाने तो घालून दिला, पण पार्लमेंटच्या बाजूनेच तो उचलून धरला. मग १६४३ साली त्याच राजाने ऑक्सफर्डहून आपला वेगळा वार ठरवला, महिन्याचा दुसरा शुक्रवार. एकाच देवापुढे दोन पक्ष दोन निरनिराळ्या दिवशी उपाशी. आपल्याकडच्या १८५७च्या उठावावरून व्हिक्टोरिया राणीने ७ ऑक्टोबरला उपास सांगितला, तेव्हा लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये स्पर्जन या नामांकित धर्मोपदेशकाचं प्रवचन ऐकायला वीस हजारांवर माणसं जमली होती. त्या दिवशी विलायतेत पाप कुणाचं म्हटलं गेलं? कुणी शिपायांचं म्हणालं, कुणी कंपनीचं, कुणी अफूच्या व्यापाराचं. ती प्रवचनं छापलेली आहेत. झाशी-कानपूरबद्दल लहानपणापासून ऐकलेल्या आपण ती वाचायची नाहीत, तर कुणी?

तू विचारलंस, मग लिंकन प्रामाणिक होता का. पुन्हा तेच! त्याऐवजी ४ मार्च १८६५चं भाषण काढ, दुसऱ्यांदा शपथ घेतली तेव्हाचं. दोन्ही बाजू एकच बायबल वाचतात, एकाच देवाची प्रार्थना करतात, एकमेकांविरुद्ध त्याचीच मदत मागतात. आणि मग १८६३ साली जे नाव घेतलं नव्हतं ते तो घेतो: गुलामगिरी. अडीचशे वर्षं मजुरी न देता करून घेतलेले कष्ट, चाबकाने काढलेला रक्ताचा थेंब न् थेंब. ती दक्षिणेची गुलामगिरी आहे असं तो म्हणत नाही. अमेरिकेची म्हणतो, आणि शिक्षा उत्तर-दक्षिण दोघांना झाली म्हणतो. त्या दोन कागदांमध्ये दोन वर्षं आहेत. त्या दोन वर्षांत काय काय झालं, कोण बोललं, कोण मेलं, ते शोध. प्रबंध तिथे आहे.

तेव्हा विषय बदलायचा अर्ज देऊ नकोस, दिला असशील तर मागे घे. दोन्ही बाजूंचे जाहीरनामे तारखेप्रमाणे लाव, प्रत्येकापुढे एक रकाना आख आणि त्यात फक्त पाप लिही, त्यांच्या शब्दांत. रकाना रिकामा राहिला तर रिकामा ठेव, तुझ्या मनाचं भरू नकोस. मग त्या त्या दिवशीची छापील प्रवचनं घे. पहिला खर्डा हाताने लिहिलेला असला तरी चालेल, पण दिवाळीच्या आत माझ्याकडे आला पाहिजे.

तुझी,
बाई