5 एचपीचा पिस्टन कॉम्प्रेसर फार थरथरतो आणि आवाज करतो, खाली रबर पॅड टाकले तर फरक पडेल का?

थरथर कदाचित कमी होईल, आवाज नाही. पिस्टन कॉम्प्रेसरचा मोठा गोंगाट बहुतेक वेळा सक्शनचा, म्हणजे हवा आत ओढण्याचा असतो. एअर फिल्टरजवळ उभं राहिलात की ती भकभक ऐकू येईल. सायलेन्सरवाला फिल्टर लावा किंवा सक्शन जाड पाइपने भिंतीबाहेर न्या. पॅड विकणारा हे सांगणार नाही.

आता थरथर. पॅड आणण्याआधी टँकचे पाय बघा. भोसरीला मी मेंटेनन्सला होतो, तिथल्या साहेबांचं एकच पालुपद, "हलतोय? मग आवळा." चारही बोल्ट करकचून आवळलेले, तरी मशीन नाचायचं. मी म्हणत होतो, एक पाय टेकत नाहीये. साहेब म्हणाले, कोबा कच्चा आहे. कोबा फोडला, नवा ओतला, तोवर भाड्याचा कॉम्प्रेसर. पुन्हा तेच! शेवटी साहेब जेवायला गेल्यावर मी एकेक बोल्ट सैल करून पाहिला. मोटरच्या बाजूचा पाय सुटल्याबरोबर टचकन वर आला, आणि त्याखाली फिलर गेजची (फट मोजायच्या पातळ पात्यांचा संच) 1 एमएमची पात आरामात गेली. वर पाहिलं तर पायाच्या वेल्डिंगपाशी रंग तडकलेला आणि गंजाची बारीक रेघ. ओढून बसवलेला पाय, त्यावर दिवसभर हादरे, मग वेल्ड चिरणारच. आत 8-10 बार हवा असते हो! टँक बदलावा लागला. साहेबांचं म्हणणं, टँकच मुळात खराब आला होता. नव्या टँकच्या पायाखाली मी शिम, म्हणजे पातळ पत्र्याचे तुकडे, घातल्या, बोल्ट बेताने आवळले, तेव्हापासून गप्प चालला. त्याचं श्रेय अर्थातच कोब्याला मिळालं.

पॅड घ्यायचेच तर मऊ घ्या. मोटर मिनिटाला 1440 फेऱ्यांची असली तरी कॉम्प्रेसर पुलीमुळे साधारण 720 ने फिरतो, म्हणजे सेकंदाला 12 फेऱ्या. कडक पॅडवर मशीनची स्वतःची लय त्याच्याच आसपास येते आणि थरथर उलट वाढते. पॅडवर घेतलंत तर डिलिव्हरीला, म्हणजे हवा बाहेर नेणाऱ्या लाइनला, लवचिक होज हवाच, नाहीतर हादरे लाइनमधून भिंतीत जातील. आणि कोणी "कोबा फोडा" म्हणालं तर आधी फिलर गेज मागा.

हे सगळं टँकवरच्या पिस्टन कॉम्प्रेसरचं. स्क्रू कॉम्प्रेसर असेल तर यातलं फारसं लागू नाही. टकटक लोड नसतानाही येत असेल तर पायांचं राहू द्या, आधी फ्लायव्हीलची चावी (चाक शाफ्टवर पक्कं धरणारी लोखंडी पट्टी) बघा.