वाचक विचारतात: शांत बेटावर एकटीने जाताना

प्रश्न: मी कृष्णवर्णीय आहे. पहिल्यांदाच एकटी चार दिवस एका लहान बेटावर चालले आहे. तिथे माझ्यासारखं दिसणारं बहुधा कुणी नसेल. काय तयारी करू?

उत्तर: जरूर जा. पण लहान बेटावर पर्याय मोजके असतात आणि शेवटची बोट सुटली की रात्र तिथेच काढावी लागते. म्हणून सकाळच्याच बोटीने पोहोचा. खोलीचं बुकिंग झाल्यावर, स्वतःचा फोटो असलेल्या खात्यावरून तिथल्या मालकाला येण्याची वेळ कळवा आणि लेखी होकार घ्या. दारात ‘खोली नाही’ म्हणाले, तर वाद न घालता तेच मेसेजमध्ये लिहून मागा, स्क्रीनशॉट काढा, बुकिंग कंपनीला तिथूनच फोन करा. दुसऱ्या मुक्कामाचा नंबर कागदावर लिहून ठेवा. रेंज आणि बॅटरी नेमकी तेव्हाच दगा देतात.

लोक बघतील. आपणच आधी नमस्कार केला की बऱ्याच नजरा निवळतात. केसांना हात लावायला कुणी आलं, तर एक पाऊल मागे, तळहात पुढे आणि ‘नको’. कारण देत बसू नका.

प्रश्न: गडद त्वचेला सनस्क्रीन लागतं?

उत्तर: लागतंच. तुमची त्वचा भाजली तरी लाल दिसेलच असं नाही. ती गरम लागते, ताणते, हात लावला की दुखते. एसपीएफ ३० किंवा जास्त घ्या. चेहरा आणि मानेला दोन बोटांवर मावेल एवढं लावा, दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा. झिंक ऑक्साइडचं साधं क्रीम राखाडी थर सोडतं. आयर्न ऑक्साइड असलेलं, तुमच्या छटेचं रंगीत क्रीम घरूनच न्या. ते काळे डागही रोखतं. घटक मात्र वाचा: समुद्रातल्या प्रवाळांना घातक मानली जाणारी ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्झेट ही रसायनं असलेल्या क्रीमच्या विक्रीवर हवाईत २०२१ पासून बंदी आहे.

गोचीड असलेल्या बेटावर अंग रोज तपासा. गोचीड चावल्याने होणाऱ्या लाइम रोगाचा चट्टा चित्रांत लाल वर्तुळासारखा असतो. तुमच्या त्वचेवर तो जांभळट, मुका मार लागल्यासारखा दिसू शकतो. शेजारी नाणं ठेवून रोज फोटो काढा, म्हणजे पसरतोय का हे डॉक्टरांना दिसेल. रक्तातला ऑक्सिजन मोजणारा, बोटाला लावायचा ऑक्सिमीटरही गडद त्वचेवर खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवू शकतो. धाप लागत असेल, तर ९५ दिसतंय म्हणून डॉक्टरांकडे जायचं थांबू नका. आकडा जास्त दिसू शकतो, हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा.