शाळा-रुग्णालयांना शेतमाल पुरवणाऱ्या संकलन केंद्रांना सरकारने अनुदान द्यावे, की खरेदीची हमी?

माझ्या मते खरेदीची हमी अधिक मोलाची आहे. शाळेच्या किंवा रुग्णालयाच्या स्वयंपाकघराला रोज सकाळी ठरावीक वजनाचा, धुऊन प्रतवारी केलेला माल एकाच बिलावर हवा असतो. आज पाच क्रेट आणि उद्या दोनच देऊ शकणाऱ्या लहान शेतकऱ्याला ते एकट्याने जमत नाही, म्हणून मध्ये संकलन केंद्र लागते. शीतगृहासाठी एकदा मिळालेल्या भांडवली अनुदानातून व्यवस्थापकाचा पगार आणि गाडीचे डिझेल मात्र भागत नाही. ब्राझीलने २००९ च्या कायद्याने शालेय आहाराच्या केंद्रीय निधीपैकी किमान ३० टक्के रक्कम कुटुंबशेती करणाऱ्यांकडील खरेदीसाठी राखून ठेवली, त्यामुळे पेरणीपूर्वीच मागणीचा अंदाज बांधता येतो. अर्थात, बिले वेळेवर चुकती व्हायला हवीत.