देणगीची पावती आणि कोचचा करार : वाचकांचे प्रश्न

नोव्हेंबर जवळ आला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचे दोन गठ्ठे होतात. एकात गावच्या निवडणुकीचे प्रश्न, दुसऱ्यात कॉलेज बास्केटबॉलचे. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी मतदान आणि बास्केटबॉलच्या हंगामाची सुरुवात एकाच सुमारास येते. या वेळी दोन्ही गठ्ठे एकत्र घेते आहे, कारण कॉलेजच्या गावांत राहणाऱ्या मराठी वाचकांनी दोन्हीकडे फिरून फिरून एकच गोष्ट विचारली आहे: पैसा कोणाचा, आणि तो आपल्याला बघता येतो का?

प्रश्न : ताई, आमचे शेजारी सिटी कौन्सिलला उभे आहेत. भला माणूस आहे. त्यांनी १०० डॉलरची देणगी मागितली. मी एच-१बी व्हिसावर आहे, पत्नी अमेरिकन नागरिक आहे. देऊ का? (टेक्सास)

उत्तर : तुम्ही देऊ नका. रक्कम १०० असो की ५, नियम तोच. परदेशी नागरिकाने अमेरिकेतल्या कुठल्याही निवडणुकीत, अगदी स्कूल बोर्डाच्याही, पैसे देणे केंद्रीय कायद्याने मना आहे. ग्रीन कार्ड असलेल्यांना मात्र देणगी देता येते. अनेकांचा गोंधळ इथेच होतो. मत देण्याचा हक्क आणि देणगी देण्याचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ग्रीन कार्डवर दुसरा मिळतो, पहिला नाही.

पत्नी देऊ शकतात, पण निर्णय त्यांचा आणि सहीही त्यांची हवी. तुम्ही १०० डॉलर त्यांच्या हातात ठेवून ‘तुझ्या नावाने देऊन टाक’ म्हणालात, तर ती दुसऱ्याच्या नावावर दिलेली देणगी झाली. हा निष्काळजीपणा नाही, गुन्हा ठरू शकतो. मी स्कूल बोर्डाच्या एका उमेदवाराची खजिनदार होते तेव्हा एक गृहस्थ पाच पाकिटे घेऊन आले होते. पाच नावे, पाचही पाकिटांवर अक्षर एकाच माणसाचे, आणि दोन नावे शाळेत जाणाऱ्या मुलांची. मी ती परत केली. ते रागावले. आमच्या उमेदवारालाही वाईट वाटले, कारण त्या महिन्यात छपाईचे बिल थकले होते. तरी आजही मी तेच करीन.

तुम्हाला मदत करायची असेल तर वेळ द्या. विनामोबदला दारोदार जाणे, फोन करणे, पाकिटे भरणे हे परदेशी नागरिकालाही चालते. दोन पथ्ये पाळा. कार्यकर्त्यांच्या चहा-नाश्त्याचा खर्च स्वतःच्या खिशातून करू नका, ती वस्तुरूप देणगी धरली जाते. आणि प्रचाराचा पैसा कुठे खर्चायचा हे ठरवणाऱ्या बैठकीत बसू नका.

प्रश्न : आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात एका उमेदवाराला पाच मिनिटे बोलायचे आहे. मंडळाच्या खात्यातून ५०० डॉलर द्यावेत असाही प्रस्ताव आहे. (न्यू जर्सी)

उत्तर : मंडळ कर-कायद्याच्या ५०१(सी)(३) या ना-नफा संस्थांच्या कलमाखाली करमुक्त असेल, आणि बहुतेक मंडळे असतात, तर ५०० काय, ५ डॉलरही नाही. १९५४ सालापासून अशा संस्थांना कोणत्याही उमेदवाराच्या बाजूने किंवा विरोधात प्रचारात उतरण्यास मनाई आहे. संस्थेचा करमुक्त दर्जा यावर जाऊ शकतो. वर्षानुवर्षे पै-पै जमवून उभे केलेले मंडळ पाच मिनिटांच्या भाषणासाठी पणाला लावू नका.

उमेदवार म्हणून एकाला बोलावले तर त्याच जागेच्या बाकी उमेदवारांनाही तशीच संधी द्यावी लागते, आणि त्या मंचावर पैसे गोळा होता कामा नयेत. माझे मत विचाराल तर आरतीच्या आधी भाषण नकोच. त्यापेक्षा वेगळ्या दिवशी सर्व उमेदवारांची एकत्र सभा घ्या, प्रश्न सभासदांना विचारू द्या. एक गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही: मंडळाची सभासद-यादी फुकट देणे हीसुद्धा देणगीच. सभासदांनी आपापल्या नावाने, आपापल्या खिशातून काय द्यायचे ते द्यावे, त्यात मंडळाचे नाव येऊ देऊ नका.

प्रश्न : भारतात उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा असते. इथे का नाही? (व्हर्जिनिया)

उत्तर : कारण १९७६ साली ‘बकली विरुद्ध व्हॅलिओ’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फरक केला. कोणी किती द्यावे यावर मर्यादा घालता येईल, पण उमेदवाराने किती खर्च करावा यावर सक्तीची मर्यादा घालणे म्हणजे बोलण्यावर मर्यादा घालणे, असे न्यायालयाने ठरवले. आपल्याकडे मोठ्या राज्यांत लोकसभेच्या उमेदवाराला २०२२ पासून ९५ लाख रुपयांची मर्यादा आहे. तशी सक्ती इथे होऊ शकत नाही.

आणि देण्यावरची मर्यादाही गावोगाव वेगळी. तुमच्या व्हर्जिनियात ती नाहीच, एकच माणूस हवा तेवढा चेक फाडू शकतो. कॅलिफोर्नियात ज्या शहरांनी स्वतःची मर्यादा ठरवलेली नाही तिथे २०२१ पासून राज्याची लागू होते. २०२५-२६ साठी ती एका देणगीदाराला एका उमेदवारामागे दर निवडणुकीस ५,९०० डॉलर आहे.

मला मात्र मर्यादेपेक्षा न्यूयॉर्क शहराची रीत जास्त पटते. तिथे योजनेत सामील झालेल्या आणि पात्र ठरलेल्या उमेदवाराला शहरवासीयाने दिलेल्या लहान देणगीवर शहर आठपट भर घालते. तुम्ही २० डॉलर दिले तर शहराचे १६० आणि उमेदवाराच्या हाती १८०. महापौरपदासाठी देणगीच्या पहिल्या २५० डॉलरवर, कौन्सिलसाठी पहिल्या १७५ वर ही भर मिळते. बदल्यात उमेदवार खर्चाची मर्यादा स्वतःहून मान्य करतो, आणि स्वखुशीने मानलेली मर्यादा घटनेत बसते. सिॲटलमध्ये २०१७ पासून मतदारांना २५ डॉलरची चार कुपने घरपोच मिळतात, ती पसंतीच्या उमेदवाराला द्यायची. तिथे ग्रीन कार्डवाल्यांनाही अर्ज करून ती घेता येतात. ज्या माणसाचा दरवाजा उमेदवाराने एरवी ठोठावला नसता, त्याच्याकडे जायला या दोन्ही रीती भाग पाडतात. मी दारोदार फिरले आहे. याची किंमत मला कळते.

प्रश्न : आमच्या शहरात जुन्या क्रीडा-सभागृहाच्या दुरुस्तीवरून वाद पेटला आहे. एका कौन्सिल-सदस्याला बांधकाम व्यावसायिकांकडून पैसा मिळतो अशी कुजबुज आहे. खरेखोटे कसे करायचे? (कॅलिफोर्निया)

उत्तर : कुजबुज बाजूला ठेवा आणि अहवाल उघडा. उमेदवाराच्या जमाखर्चाचे अहवाल सिटी क्लार्कच्या कार्यालयात असतात, बहुतेक ठिकाणी संगणकावरही दिसतात. ते मागण्याचे कारण सांगावे लागत नाही.

नवखा माणूस एकूण बेरीज बघतो आणि अहवाल मिटतो. मी आधी व्यवसाय आणि नोकरीचा रकाना वाचते. तुमच्या राज्यात १०० डॉलर किंवा त्याहून अधिक देणाऱ्याचे नाव, व्यवसाय आणि मालक लिहावा लागतो. एकाच कंपनीतले आठ जण एकाच दिवशी सारखीच रक्कम देतात तेव्हा ती ओळ अधोरेखित करा. मग तारखा लावून बघा. ठराव कौन्सिलपुढे कधी आला, देणगी कधी आली? त्यानंतर वस्तुरूप देणग्या: फुकट मिळालेली जागा, छपाई, जेवण. आणि शेवटी कर्जे. उमेदवाराने स्वतःच्या प्रचाराला दिलेले कर्ज निवडून आल्यावर देणग्यांतून फिटते. निकालानंतर आलेल्या देणग्या म्हणूनच मी दोनदा वाचते. हरणाऱ्याला निकालानंतर फारसे कोणी देत नाही.

एवढे करूनही लाच सिद्ध होत नाही, आणि तसा आरोप तुम्ही करूही नका. पण एक नियम तुमच्या हाताशी आहे. २०२३ पासून कॅलिफोर्नियात स्थानिक लोकप्रतिनिधींनाही हे बंधन आहे: परवाना, परवानगी किंवा कंत्राटाच्या प्रकरणातल्या पक्षकाराकडून मागच्या १२ महिन्यांत ठरावीक रकमेपेक्षा जास्त देणगी घेतली असेल, तर त्या प्रकरणात मतदानापासून दूर राहायचे. ही रक्कम आधी २५० डॉलर होती, २०२५ पासून ५०० झाली. स्पर्धात्मक निविदेची कंत्राटे यातून वगळलेली आहेत, तेव्हा दुरुस्तीचे काम कसे दिले जाते आहे ते आधी तपासा. मग सभेत उभे राहून तारीख आणि रक्कम वाचून दाखवा. विशेषणे लावू नका.

उमेदवाराशी संबंध न ठेवता बाहेरचे गट स्वतंत्रपणे जो खर्च करतात तो या अहवालात दिसणार नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या ‘सिटिझन्स युनायटेड’ निकालानंतर त्यावर रकमेची मर्यादा घालता येत नाही. त्यांचे अहवाल वेगळे मागा.

प्रश्न : आमच्या विद्यापीठाच्या पुरुष बास्केटबॉल संघाला नवा कोच मिळाला आणि महिन्याभरात निम्मे खेळाडू निघून गेले. वीस वर्षे तिकीट काढतो आहे, असे कधी पाहिले नव्हते. माणूस चुकीचा निवडला का? (इंडियाना)

उत्तर : वीस वर्षांपूर्वी हेच झाले असते तर मीही घाबरले असते. तेव्हा दुसऱ्या विद्यापीठात गेलेल्या खेळाडूला सहसा एक वर्ष बाहेर बसावे लागे. २०१८ मध्ये ट्रान्स्फर पोर्टल (विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची नोंद-यादी) आले, २०२१ मध्ये एकदा न थांबता जाण्याची मुभा मिळाली आणि २०२४ मध्ये एकदाची अटही गेली. २०२१ च्या १ जुलैपासून खेळाडू स्वतःच्या नावावर आणि छबीवर कमावू लागले. ‘हाउस’ या खटल्यातल्या २०२५ च्या तडजोडीनंतर तर विद्यापीठच त्यांना थेट पैसे देऊ शकते, पहिल्या वर्षी सर्व खेळ मिळून सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. कोच बदलला की खेळाडूंना पोर्टलमध्ये जाण्याची खास मुदतही मिळते. मुलगा ज्या माणसाच्या शब्दावर घर सोडून आला तोच माणूस गेला, तर मुलाने पुन्हा विचार करणे मला गैर वाटत नाही.

तेव्हा कोण गेले यावरून नव्या कोचची परीक्षा घेऊ नका. पहिल्या वर्षाच्या हार-जितीवरूनही नको. माईक शशेव्स्की १९८० मध्ये ड्यूक विद्यापीठाचे कोच झाले. त्यांच्या दुसऱ्या हंगामात संघ १० सामने जिंकला आणि १७ हरला, तिसऱ्यात ११ जिंकला आणि १७ हरला. पहिले राष्ट्रीय विजेतेपद १९९१ मध्ये आले, आणि २०२२ मध्ये ते निवृत्त झाले तेव्हा पाच झाली होती. डॉन स्टेली साउथ कॅरोलायनाच्या महिला संघाकडे आल्या त्या पहिल्या हंगामात १० विजय आणि १८ पराभव. पुढे २०१७, २०२२ आणि २०२४ ची विजेतेपदे त्यांचीच. जॉन वुडन १९४८ मध्ये लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाकडे गेले आणि पहिले विजेतेपद १९६४ मध्ये, सोळाव्या हंगामात मिळवले. १९७५ पर्यंत एकूण दहा झाली.

अर्थात आता सोळा हंगाम कोणी थांबत नाही. पोर्टलमधून एका उन्हाळ्यात नवा संघ उभा राहतो, म्हणून थोडी घाई रास्तही आहे. मी काय बघते ते सांगते. नोव्हेंबरचे विजय मी मोजत नाही. त्या महिन्यात मोठी विद्यापीठे लहान विद्यापीठांना पैसे देऊन आपल्या मैदानावर खेळायला बोलावतात. जानेवारीत कॉन्फरन्सचे, म्हणजे आपल्या गटातल्या विद्यापीठांशी होणारे, सामने रंगात आले की बघा: चूक केलेला खेळाडू लगेच बाकावर जातो, की त्याला ती निस्तरायची संधी मिळते? चेंडू हातचा गेल्यावर पाचही जण मागे धावतात का? चेंडू टाकायला मिळणाऱ्या तीस सेकंदांतली शेवटची दहा उरली की चेंडू कोणाकडे जातो ते सगळ्यांना ठाऊक असल्यासारखे दिसते, की धांदल उडते? नवे कोरे खेळाडू आणूनही फेब्रुवारीत ही धांदल कायम असेल, तर मग मला चिंता वाटते. आणि खरा निकाल दुसऱ्या वर्षानंतरच्या वसंतात लागतो. ज्यांना कोचने स्वतः आणले तेच जाऊ लागले, तर तुमची शंका खरी.

प्रश्न : त्या कोचचा पगार आमच्या करातून जातो का? (इंडियाना, त्याच वाचकाच्या पत्नी)

उत्तर : सरकारी विद्यापीठ असेल तर करार सार्वजनिक दस्तऐवज असतो. लेखी अर्ज करून मागा, मिळतो. मूळ पगाराचा आकडा पाहून थांबू नका, अनेकदा तो लहान असतो. माध्यमांतील कार्यक्रमांचे मानधन, स्पर्धेत पोहोचल्याचे बोनस आणि मुख्य म्हणजे बायआउटचे कलम वाचा: विद्यापीठाने मुदतीआधी काढले तर किती द्यायचे, आणि कोच स्वतः निघून गेला तर तो किती देणार. दुसरीकडे नोकरी मिळाल्यावर ती रक्कम वजा होते का, हेही तिथेच लिहिलेले असते. पैसा तिकिटे, प्रक्षेपण-हक्क, देणगीदार आणि काही ठिकाणी विद्यार्थ्यांच्या फीमधून येतो. मुलाच्या बिलावर क्रीडा-फीची वेगळी ओळ आहे का बघा. खासगी विद्यापीठाचा करार मिळणार नाही, पण ते ना-नफा असेल तर आयकर खात्याकडे दरवर्षी भरायच्या फॉर्म ९९० मध्ये सर्वाधिक पगार घेणाऱ्यांची नावे आणि रकमा असतात. तो फॉर्म कोणालाही पाहता येतो.

प्रश्न : मुलीला शिष्यवृत्तीशिवाय कॉलेजच्या बास्केटबॉल संघात जागा मिळेल का? ती एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर आहे. (ओहायो)

उत्तर : मिळू शकते, मात्र सोपे राहिलेले नाही. वर सांगितलेली ‘हाउस’ तडजोड स्वीकारलेल्या डिव्हिजन एकच्या, म्हणजे कॉलेज खेळांच्या सर्वांत वरच्या गटातल्या, विद्यापीठांत संघ १५ जणींपुरता मर्यादित झाला आहे. सहायक कोचला आजच लिहा, सोबत एका पूर्ण सामन्याचे चित्रण द्या. निवडक क्षणांचे तुकडे सगळेच पाठवतात. एनसीएए या कॉलेज-क्रीडा संघटनेच्या पात्रता केंद्रात नोंदणी लवकर करा. पैशांची कोणतीही ऑफर आली, मग ती जाहिरातीची असो की विद्यापीठाची, तर सही करण्याआधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात जाऊन विचारा. एफ-१ वर कमाईचे नियम कडक आहेत, आणि संघातल्या अमेरिकन मैत्रिणीला जे चालते ते तिला चालेलच असे नाही. डिव्हिजन तीनचाही विचार करा. तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती कोणालाच नसते, त्यामुळे ती बाकीच्यांच्या बरोबरीने उभी राहील.