सगळं आहे, पण चांगलं काही दिसत नाही

‘पोथी चुकत नाही, एकादशी मोडत नाही, तरी मन सारखं कुरकुरतं. ताई, मी आतून आंधळी झालेय का हो?’

असं विचारणारे बरेच जण भेटतात. बहुतेक साठीच्या आसपासचे. मुलं मार्गी लागलेली, दुखणंखुपणं आटोक्यात. साताऱ्याच्या एका काकूंची गोष्ट त्यांच्या परवानगीने सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

काकू लेखापरीक्षण खात्यातून निवृत्त झालेल्या. पहिल्या भेटीत बराच वेळ त्यांनी फक्त ‘आक्षेप’ मांडले, हा शब्दही त्यांचाच. सून फोडणी करपवते. सोसायटीत पाणी वेळेवर येत नाही. पावसाळा सरत आला की कासला जाणाऱ्या गाड्यांनी रस्ता तुंबतो. ‘एवढं काय आहे तिथं? फुलंच ना?’

कास पठार साताऱ्यापासून जेमतेम २५ किलोमीटर. २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत गेलं. सपुष्प वनस्पतींच्या ८५०हून अधिक जाती तिथे नोंदवल्या आहेत. काकूंचा जन्म साताऱ्यात गेला, पण फुललेलं कास त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं. तरी मी त्यांना ‘जाऊन या’ म्हटलं नाही. बघायची सवयच मोडली असेल तर माणूस पठारावरूनही पार्किंगचे दर तेवढे बघून येतो.

आधी नैराश्य नाही ना, हे पाहिलं. झोप, भूक, रडू येणं, जगण्याचा कंटाळा, सगळं सविस्तर विचारलं. थायरॉइड आणि बी-१२ तपासून घ्यायला लावलं. हे न करता कुणाला ‘चांगलं बघा’ असं सांगणं मला धोक्याचं वाटतं. काकूंचे रिपोर्ट ठीक होते, झोपही लागत होती.

मग प्रश्न उरला सवयीचा. सगळी नोकरी कागदातली चूक शोधण्यात गेली, आणि त्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. मुळात माणसाचं मन वाईटाकडे आधी वळतं. धोका ओळखायला ते गरजेचंही असतं. चांगल्याची मात्र सवय होऊन जाते. १९७८ मध्ये अमेरिकेत लॉटरी लागलेल्या २२ जणांचा अभ्यास झाला होता. मित्राशी गप्पा, सकाळची न्याहारी अशा रोजच्या गोष्टींतून त्यांना इतरांपेक्षा कमी आनंद मिळत असल्याचं त्यात दिसलं. म्हणजे मिळालं तरी बघणारी नजर आपोआप येत नाही. यात पाप कुठे आलं?

हे मला काकूंना दोनदा सांगावं लागलं, कारण आजूबाजूच्यांनी त्यांना वेगळंच ऐकवलं होतं. ‘ज्यांना काहीच नाही त्यांच्याकडे बघा.’ या उपदेशाची मला मनापासून चीड आहे. त्याने कुरकुर थांबत नाही, वर अपराधीपणा तेवढा चढतो.

फोनवर आलेला मेसेज वाचून त्यांनी कृतज्ञतेची वहीही घातली होती. रोज त्याच चार नोंदी: घर, मुलगा, पेन्शन, तब्येत. वही चांगलीच, पण ती अशी नाही. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एमन्स आणि मॅककुलो यांच्या अभ्यासात एका गटाने आठवड्यातून एकदा, दहा आठवडे, अशा नोंदी केल्या. कटकटी लिहिणाऱ्या गटापेक्षा त्यांना आयुष्य अधिक बरं वाटलं. पुढे सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या अभ्यासात आठवड्यातून तीनदा लिहिणाऱ्यांपेक्षा एकदाच लिहिणाऱ्यांना फायदा दिसला. रोज रतीब घातला की मन त्यालाही सरावतं.

मी वही बंद करायला लावली. चहा उकळेपर्यंत स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभं राहायचं, एकाच गोष्टीकडे बघायचं आणि दिसेल ते लिहायचं. रंग, आकार, हालचाल. मत लिहायचं नाही.

पहिली नोंद अर्थातच आक्षेप होता: ‘कपड्यांच्या तारेवर जळमट लोंबतंय. बाईला सांगूनही काढत नाही.’ मी म्हटलं, ‘झाडू लावायच्या आधी एकदा नीट बघा.’

पुढच्या भेटीत काकू आल्या त्या कागद पुढे करतच. ‘जळमटाला दार आहे! बाजूला. दारावर छोटा छज्जा. पिवळ्या पोटाची, अंगठ्याएवढी पाखरीण आत-बाहेर करते.’ ते शिंजिराचं घरटं होतं. वाळकी पानं, सालीचे कपचे कोळिष्टकांनी सांधून मादी ते विणते, आणि लांबून ते खरोखर केरासारखंच दिसतं. काकूंनी शेवटी लिहिलं होतं: ‘बांधकामात त्रुटी नाही.’

त्या ओळीने मला पुढची वाट दाखवली. काकूंची नजर तीक्ष्ण होती, ती बोथट करायची गरजच नव्हती. जी नजर चूक टिपते तीच बरोबर असलेलंही टिपू शकते, फक्त तिला तसं काम द्यावं लागतं. मग त्यांना घरातलं काम दिलं: सुनेला आठवड्यातून एकदा एक नेमकी बरी गोष्ट सांगायची. ‘छान झालंय’ चालणार नाही. काकूंनी सांगितलं, ‘आज आमटीत आमसूल बरोबर पडलंय.’ सून घाबरून म्हणाली, ‘आई, बरं वाटतंय ना तुम्हाला?’ हे सांगताना काकू हसत होत्या.

देवाचा विषय त्यांनीच काढला. अरणच्या सावता माळ्यांना पंढरपूरला न जाताही मळ्यातच विठ्ठल दिसला, असं वारकरी मानतात. ‘कीर्तनात कितीदा ऐकलंय. पण मळा मी कधी बघितलाच नव्हता,’ असं त्या म्हणाल्या. यावर मी काही बोलले नाही.

काकूंची कुरकुर पूर्ण गेलेली नाही. पाण्याची तक्रार तर मीच सोडू दिली नाही, ती रास्त होती. तारखा-वेळांसकट लेखी अर्ज सेक्रेटरींकडे गेला आणि टाकीचं वेळापत्रक बदललं. तक्रार आली की त्या आता विचारतात, यावर अर्ज करता येईल का? येत असेल तर करतात. नसेल तर चहा ठेवतात आणि खिडकीशी जातात.

तुमचीही अडचण हीच असेल तर एक खिडकी निवडून सुरुवात करा. मात्र पूर्वी आवडणाऱ्या कशातच दोन आठवड्यांहून जास्त काळ रस वाटत नसेल, झोप उडाली असेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर खिडकीवर थांबू नका. डॉक्टरांना भेटा, किंवा सरकारच्या टेली-मानस सेवेला १४४१६ वर फोन करा. ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं.